समुद्र डाव्या हाताला

बेसमेंटमधून गाडी वर काढली तेव्हा आमच्या इमारतीतले मूर्ती दुधाची पिशवी घेऊन रॅम्पच्या तोंडाशी उभे होते. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला अजून उजाडायचं होतं. मूर्ती खिडकीशी वाकले, स्टिअरिंगवर मला बघितलं आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बसलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडम ओडिस्तारा?" (मॅडम चालवणार?)

"नी पेन," नवरा म्हणाला आणि पुराव्यादाखल गुडघा चोळला.

माझे यजमान श्रीपादराव. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे नावाने लिहिणार आहे, तेवढी मोकळीक लिहिणाऱ्या बाईला असावी. तर श्रीपादरावांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना काचबिंदू आहे. नळीतून बघावं तसं समोरचं दिसतं, कडेचं विझत चाललंय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गाडी चालवणं बंद केलं. श्रीपादराव मूळचे बेळगावचे. सगळी नोकरी इथल्या सरकारी विमान कारखान्यात, तपासणी विभागात झाली. त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय तिथला साधा स्क्रूसुद्धा बाहेर पडत नसे. अशा माणसाने 'मला दिसत नाही' हे कसं म्हणायचं? म्हणून मग गुडघा. इमारतीत गुडघा, नातेवाइकांत गुडघा, माझ्या माहेरी, शिरोड्याला भावालाही फोनवर गुडघाच.

आणि एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं, "गाडी मूर्तींना देऊन टाकू. ते कधीपासून मागे लागलेत. चालवणारं कोणी नाही, तर उगाच धूळ खात कशाला ठेवायची?"

चालवणारं कोणी नाही! मी समोर बसून त्यांच्या ताटात भात वाढत होते. परवाना माझ्याकडे लग्नानंतर लवकरच आला होता. पण हे घरात असताना किल्लीला हात लावायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. डोळ्यांचं कळल्यापासून मात्र मीच चालवत होते. भाजी, दवाखाना, चिकपेटला साड्या, सगळीकडे. मराठहळ्ळीच्या पुलाखाली संध्याकाळच्या गर्दीत यू-टर्न घेते मी. पण ते चालवणं त्यांच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी डाव खाली ठेवला आणि म्हणाले, "समुद्रकाठाने माझ्या माहेरापर्यंत गाडी मी नेणार. वाटेत एकदा जरी स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावं लागलं, तर परत आल्यावर खुशाल किल्ली मूर्तींना द्या. नाही लागलं तर गाडी राहील. मान्य?"

"अगं, घाट आहे मध्ये," ते म्हणाले.

"मान्य की नाही?"

"सरी," (बरं) ते म्हणाले. आमच्याकडे मराठी भांडणाचा शेवट बहुधा कन्नडमध्ये होतो.

मग आखणी सुरू झाली. तिच्यावरूनही भांडण झालंच. श्रीपादरावांचं म्हणणं असं की आधी सरळ महामार्गाने बेळगाव गाठावं, आंबोलीतून शिरोड्याला उतरावं आणि मग किनाऱ्याने खाली खाली येत मंगळूरहून घरी परतावं. म्हणजे अवघड शिराडी घाट शेवटी, तोवर माझा हात बसलेला. बिनतोड होतं ते. मी मात्र उलटं धरून बसले. आधी मंगळूर आणि मग किनाऱ्याने वर. कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले की मला मंगळूरचे बन्स ताजेपणी खायचेत. बन्ससाठी कोणी टँकरांच्या रांगेतून शिराडी घाट उतरतं का, हे त्यांनी मला बऱ्याच प्रकारे विचारलं.

खरं कारण मी सांगितलं नाही. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला निघालं की समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या खिडकीत. उलट निघालं तर तो चालवणाऱ्याच्या बाजूला जातो. श्रीपादरावांना दिसतं तेवढ्या नळीभर नजरेत मला समुद्र भरायचा होता. पण तसं बोलले असते तर त्यांना ती दया वाटली असती, आणि दया दाखवलेली ह्यांना अजिबात खपत नाही.

तर असे निघालो. नेलमंगला मागे पडलं, कुणिगल गेलं, हासनच्या पुढे रस्ता कॉफीच्या मळ्यांत शिरला. सकलेशपूरला एका हॉटेलात थांबलो. कॉफी झकास होती आणि बरोबर मी घरून आणलेले धपाटे. बेळगावकडच्या माणसाबरोबर प्रवास करायचा म्हणजे धपाटे, शेंगाचटणी आणि दही हे सामान गाडीतल्या पेट्रोलइतकंच आवश्यक. हॉटेलच्या मालकाने मला किल्ली घेऊन गाडीकडे जाताना पाहिलं आणि काळजीने विचारलं, "घाट मुंदे इदे. सर ओडिसल्वा?" (पुढे घाट आहे. सर चालवत नाहीत?)

"बॅक पेन," श्रीपादराव म्हणाले. गुडघ्याला आता कंबरेचीही साथ मिळाली.

शिराडी घाटात पुढे टँकर, मागे टँकर, मधे आमची छोटी गाडी. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी इंजिनाच्या जोरावर उतरू दिली. शेजारून अखंड पाठ चालू होता. "निधान... निधान... (हळू) स्वल्प डावीकडे. ब्रेक. ब्रेक नको. हॉर्न दे." त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर इतक्या जोरात दाबला जात होता की तिथे पेडल असतं तर आम्ही घाटातच मुक्काम केला असता. एका वळणावर मी म्हणाले, "अहो, तुम्ही झाडी बघा. रस्ता मी बघते." पाठ थांबला. रागावले असावेत. पण घाट उतरून सपाटीला लागलो, दमट गरम हवा खिडकीतून आत आली, नारळ-सुपारी दिसायला लागली आणि मला एकदम गाणं म्हणावंसं वाटलं. शिराडी घाट उतरले होते मी! गाडीला ओरखडा नाही, अंगाला घाम तेवढा आला.

मंगळूरचे बन्स (पिकलेलं केळं घालून केलेल्या टम्म गोडसर पुऱ्या) खोटं कारण म्हणून सांगितले होते, पण निघाले मोठे नामी. श्रीपादरावांनी पहिला संशयाने खाल्ला, दुसरा आवडीने आणि तिसरा माझ्या ताटलीतला.

दुसऱ्या दिवशी उडुपी, कुंदापूर करत मरवंत्याला पोचलो. ही जागा ज्यांनी पाहिली नाही त्यांना कशी सांगावी! महामार्ग सरळ चाललेला असतो, आणि एकाएकी डावीकडची घरं, झाडं, दुकानं सगळी बाजूला होतात आणि समुद्र थेट रस्त्याला येऊन भिडतो. उजवीकडे सौपर्णिका नदी, तिच्यात नारळांची बेटं. मधे फक्त रस्ता. लाटा खडकांवर आपटून वर उडतात आणि काचेवर खारं पाणी शिंपडतात. मी वेग कमी केला. शेजारी 'निधान' नाही, 'ब्रेक' नाही. श्रीपादराव पूर्ण वळून खिडकीबाहेर बघत होते. काच खाली केलेली, चष्म्यावर तुषार.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ह्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलोय. कारखान्याच्या कामाला कारवारला जायचो तेव्हा. इथे समुद्र आहे हे माहीत होतं. बघितला आज."

"चालवताना कुठे बघता येतो," मी म्हणाले.

आणखी थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "म्हणून खालून आणलंस होय?"

मी आरशात बघून इंडिकेटर दिला, तिथे गरज नव्हती तरी. "बन्ससाठी आणलं," मी म्हणाले. ते हसले. दया वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट पुढे सबंध वाट ते मला समुद्राची बातमी देत राहिले. होड्या परतताहेत, पाणी इथे हिरवं आहे, तिकडे एक माणूस जाळं फेकतोय. समोरून येणाऱ्या ट्रकांवर त्यांनी टीका केली नाही. मला एवढं सुख झालं की भटकळला चुकीच्या फाट्यावर वळले आणि मासळी बाजारातून गाडी काढावी लागली.

कुमट्याजवळ किनाऱ्यालगतच्या एका घरगुती निवासात उतरलो. तिथे आमची बेंगळुरी अक्कल उघडी पडली. गाडी उभी केली की तिच्यावर कव्हर घालायचं, ही श्रीपादरावांची जुनी शिस्त. बेसमेंटमध्ये, जिथे ऊन नाही, पाऊस नाही, पाखरूही फिरकत नाही, तिथेसुद्धा ते रोज कव्हर घालतात. प्रवासातही ते डिकीत आणलेलं होतं. संध्याकाळच्या वाऱ्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी चारी कोपरे ओढून कव्हर घातलं आणि समाधानाने मागे सरकले. वारा खालून शिरला. कव्हर शिडासारखं फुगलं, सुटलं आणि वाळूवरून उडत जाऊन एका बाईने सुकत घातलेल्या बांगड्यांवर पसरलं.

ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मासळी आता सुकची कशी?" तिने विचारलं. तिची भाषा माझ्या माहेरच्या भाषेची बहीणच. मी चपला काढून धावले. आम्ही दोघींनी कव्हर उचललं, उलटे झालेले बांगडे पुन्हा सरळ मांडले आणि तेवढ्या वेळात तिच्या मुलींची लग्नं कुठे झाली तेही मला कळलं. श्रीपादराव कट्टर शाकाहारी. ते लांबून माफी मागत होते. कव्हर धुतलं, वाळवलं, पण वास गेला नाही. तिथून पुढे डिकी उघडली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. मी कोकणातली, मला त्या वासाने भूकच लागायची.

कारवार, काळी नदीचा पूल, काणकोण, पणजी. गोवा आम्ही भरभर ओलांडला. मला ओढ लागली होती. गोव्याच्या उत्तर टोकाला केरीचा किनारा संपतो, तिथे तेरेखोलची खाडी आडवी येते. पलीकडे डोंगरावर किल्ला दिसतो, आणि तो उतरलं की रेडी, मग शिरोडा. खाडीला वळसा घालून रस्ता होता. पण पैज लावताना 'समुद्रकाठाने' हा शब्द मीच घातला होता, तेव्हा फेरीबोटीनेच जायचं ठरलेलं.

गेलो तेव्हा ओहोटी होती, बोट बंद. पाणी चढेपर्यंत थांबायचं. आमच्यामागे गाड्यांची रांग वाढत गेली. अखेर बोट आली, तिने आपली लोखंडी फळी धक्क्यावर टाकली, आणि मी पाहिलं की गाड्या उलट्या चढवताहेत. उतार तिरका, त्यावर ओलं शेवाळ, मग फळी, आणि दोन्ही बाजूंना पाणी. बोटीवर जागा अशी की भरलेल्या दुचाकींच्या आणि कठड्याच्या मधे एक गाडी जेमतेम मावेल.

बोटीवरचा माणूस माझ्या खिडकीशी आला. त्याने मला पाहिलं, मग शेजारी पाहिलं. "बाय, रिव्हर्स घालूंक जाय. तूं देंव, साहेबाक दी." (रिव्हर्स घ्यायचीय. तू उतर, साहेबांना दे.) उद्धटपणे नाही, चांगल्या मनाने सांगत होता.

"मी घेते," मी म्हणाले.

"पाण्यांत वतली मगो!" (पाण्यात जाईल ना!)

मागच्या मोठ्या गाडीतून एक तरुण उतरून आला होता. मराठीच होता. "काकू, काकांना घेऊ द्या ना. पाणी उतरलं तर आम्ही सगळे अडकू इथे."

रांगेतली माणसं बघायला जमली. तेवढ्यात श्रीपादरावांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि ते उतरले. गाडीच्या पुढच्या भागावर हात ठेवत ठेवत ते वळसा घालून माझ्या बाजूला येऊ लागले. त्यांना मी ओळखते. इतक्या लोकांसमोर 'साहेब' म्हटलेला माणूस आता काय करेल? दार उघडून 'सरक' म्हणाले तर? मी नाही म्हटलं तर त्यांची शोभा, हो म्हटलं तर गाडी गेली आणि ते खरंच चालवायला बसले तर आम्ही खाडीत. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. आणि कारखान्यात वापरत असतील त्या आवाजात म्हणाले, "मला दिसत नाही. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. गाडी हीच चालवते. बेंगळुरूपासून हिनेच आणलीय, शिराडी घाट उतरून. सरका सगळे. तिला आरसे मोकळे पाहिजेत."

सगळे सरकले. तो तरुण तर रांगेच्या शेवटापर्यंत सरकला.

मला रडू फुटायला आलं होतं, पण रडले असते तर आरसे दिसले नसते. मी गाडी सरळ केली, रिव्हर्स टाकला आणि क्लच अर्धा धरून सोडत सोडत मागे निघाले. उतारावर मागचं चाक शेवाळावरून जरा घसरलं. पहिल्या खेपेला फळीशी गाडी तिरकी बसली. बोटीवरचा माणूस हात हलवू लागला. मी थांबले, पुढे घेतली, पुन्हा सरळ केली. रांगेतून कोणीतरी काहीतरी बोललं, ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला चाकांखाली फळी खणखणली, गाडीचं मागचं तोंड वर उचललं गेलं, मग सपाटी आली. डाव्या आरशात कठडा, उजव्या आरशात एका स्कूटरचं हँडल, दोन्हींच्या मधे आमची गाडी. हँडब्रेक ओढला. बोटीवरच्या माणसाने बोनेटवर थाप मारली, "बरें केलें, बाय!" मागचा तरुण नंतर आपली मोठी गाडी चढवताना इतक्या वेळा पुढे-मागे झाला की मी मोजायचं सोडून दिलं. नाही, खरं सांगायचं तर मोजायला मला मजा येत होती.

खाडीतून जाताना आम्ही कठड्याशी उभे राहिलो. "दिसत नाही म्हणालात," मी म्हणाले.

"मग काय म्हणणार, नी पेन? गुडघ्याने थोडीच रिव्हर्स घेतात," ते म्हणाले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "चांगली घेतलीस. पहिल्या खेपेला थांबलीस ते चांगलं केलंस. ओढून ताणून बसवली नाहीस." तपासणी विभागाकडून मला मिळालेला हा पहिला शेरा. मला माझा अभिमान वाटत होता तो वाटतच होता, पण त्यांचा जास्त वाटत होता. मी वाचवली ती नुसती गाडी होती. त्यांनी सोडून दिलेलं कितीतरी मोठं होतं.

शिरोड्याला अंगणात गाडी लावली तेव्हा भाऊ ओटीवरून उतरून आला आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, ड्रायव्हर कुठे लपलाय का बघत असावा. "तिया हाडलंस गाडी? बेंगळुरासून? माका खरा वाटणा नाय!" (तू आणलीस?) मी काही बोलायच्या आत श्रीपादरावांनी त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. भाऊ त्यांच्याजवळ ओटीवर बसला आणि खांद्यावर हात ठेवून राहिला. आत वहिनीने माझ्यासाठी बांगडे तळायला घेतले होते, जावयांसाठी सोलकढी आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. लहानपणापासून मी ह्या अंगणात एसटीने आले, रेल्वे आणि रिक्षाने आले, नवऱ्याच्या शेजारी बसून आले. आपल्या हाताने गाडी चालवत आले ती त्या दिवशी. तो आनंद काय असतो ते माहेर असलेल्या बायकांना सांगायला नको.

परतताना आंबोलीचा घाट चढून बेळगाव, हुबळी करत सरळ महामार्गाने आलो. शेवटी तुमकूर रस्त्यावर ती आपली ओळखीची गर्दी लागली आणि मला चक्क बरं वाटलं. प्रवासाहून आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंत? देवळं सांगता येतात, किनारे सांगता येतात. पण ह्या खेपेला मी मुख्यतः रस्ता पाहिला, आणि समुद्र मला शेजारून ऐकायला मिळाला. एक माणूस मन लावून आपल्याला समुद्र सांगतोय आणि आपण त्याला पुढे पुढे नेतोय, ह्यापेक्षा चांगली विभागणी आमच्या संसारात आजवर झाली नव्हती असं मला वाटतं.

बेसमेंटमध्ये गाडी लावली. मूर्ती आपल्या स्कूटरपाशी होते. लगबगीने आले आणि सवयीने पलीकडच्या दाराकडे वळले. "सर, ट्रिप चेन्नागित्ता? (छान झाली?) मग गाडीचं काय ठरलं?"

श्रीपादराव बाहेर पडत होते. "मला काय विचारता," ते म्हणाले, "गाडी त्यांची आहे."

मूर्ती वळसा घालून माझ्याकडे आले.

"कोडल्ला," (देणार नाही) मी म्हणाले. नुसतं तेवढंच. कारण सांगितलं नाही, गुडघा सांगितला नाही.

बेसमेंटमधला आमच्या बाजूचा दिवा गेलेला होता. लिफ्टपर्यंतचं अंतर एरवी श्रीपादराव भिंतीला हात लावून, पाइप तपासत असल्यासारखं दाखवत पार करतात. त्या दिवशी ते भिंतीकडे गेले नाहीत. गाडीपाशी थांबले, आणि मूर्तींच्या देखत, त्यांनाही ऐकू येईल इतक्या स्वच्छ आवाजात मला म्हणाले, "इथे मला दिसत नाही. हात दे."

मी गाडीला कुलूप लावलं आणि हात दिला.